मुंगूस माझं नाही

३ जून, मंगळवार

सगळ्यात आधी हे लिहून ठेवते. मुंगूस माझं नाही.

ते माझ्या आवारात राहतं, हे खरं. मागच्या भिंतीशी उरलेल्या शहाबादी फरश्या रचून ठेवल्यात, त्यांच्या खाली. मी त्याला कधी हाकललं नाही, हेही खरं. त्याच्यामुळे साप येत नाहीत. शिवाय सकाळी मुंगसाचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो म्हणतात, आणि आज तर ते चहाच्या वेळी भिंतीवर दोन पायांवर उभं राहून माझ्याकडे बघत होतं. मला वाटलं, आज नळाला पाणी येणार.

पाणी आलं नाही. मंजुळाबाई आल्या.

मंजुळाबाई भिंतीपलीकडच्या. मूळचं मेंढरांचं घराणं. आता मेंढरं चार उरलीत, पण रस्त्यालगतच्या शेतीचे प्लॉट पडले, त्यामुळे घर दुमजली आहे, जिन्याला स्टीलचं रेलिंग आहे आणि अंगणात कोंबड्या आहेत. बाई फाटकात उभ्या. हातात रक्तानं माखलेली कोंबडी, मागे अर्धी गल्ली.

"मॅडम, बगा तुमच्या मुंगसानं काय केलं!"

"माझं मुंगूस? मी पाळलंय का त्याला?"

"तुमच्या फरशीखाली निजतं, तुमच्या भितीवर ऊन खातं. मंग कुणाचं? माजं?"

"उद्या माझ्या शेवग्यावर कावळा बसला तर तोही माझा का?"

"कावळ्यानं कोंबडी फाडली तर व्हय, तुमचाच!"

गल्ली हसली. मला कुणी हसलेलं चालत नाही. सबंध नोकरी टेलिफोन खात्यात सुपरवायझर म्हणून केली, तिथे लोक मला हसायचे ते माझी पाठ वळल्यावर, रीतसर. मी आवाज चढवला, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतका. "द्या ती इकडे. होती तशी धडधाकट करून परत देते. शब्द आहे माझा."

मंजुळाबाईंनी कोंबडी माझ्या हातात दिली. ती गरम होती आणि तिचं काळीज माझ्या बोटांवर आपटत होतं. साडीचं वाटोळं झालं.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर युलालिया म्हणायच्या, दिलेला शब्द म्हणजे पेटीत टाकलेलं पत्र. हात घालून परत काढता येत नाही. कोंबडी सध्या पाहुण्यांच्या बाथरूममध्ये आहे. तिथे कुणाची अडचण नाही. पाहुणे येत नाहीत.

४ जून, बुधवार

कोंबडीला रिक्षातून डॉक्टरकडे नेलं. डॉ. श्रेया म्हणून एक तरुण मुलगी आहे, कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवते. बाकावर माझ्या एका बाजूला जर्मन कुत्रा, दुसऱ्या बाजूला पर्शियन मांजर. टोपलीवरचं फडकं मी दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

"मॅडम, मोकळेपणानं विचारू का? टाके घालायचेत, की..."

"की काय?"

ती छताकडे बघू लागली.

"टाके," मी म्हटलं.

पाठीवरची कातडी सोललीय, पंख लोंबतोय पण मोडलेला नाही. टाके घातले. रोज कोमट मिठाचं पाणी फवाऱ्याच्या बाटलीनं मारायचं, हात लावायचा नाही. आत सत्यमचा कुठला तरी नातेवाईक कंपाउंडर निघाला. (सत्यम म्हणजे मंजुळाबाईंचा मुलगा, वाळूजला कंपनीत आहे.) संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं होतं की मॅडमनी कोंबडीला टाके घालून आणले. सगळ्यांनी ते एकाच सुरात सांगितलं.

५ जून

इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेतली. पहिला फवारा पडताच कोंबडीनं अंग असं काही झाडलं की माझा चष्मा, आरसा, टॉवेल, सगळं भिजलं. दुसऱ्या फवाऱ्याला तेच. तिसऱ्याला तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी ओळखते. ट्रंककॉल लागला नाही की लोक खिडकीतून तसं बघायचे.

तिला नाव ठेवलेलं नाही. 'पेशंट' म्हणते.

७ जून

एक गंभीर गोष्ट. पेशंटची सगळी पिसं उलटी झाली आहेत. शेपटीकडे वळायची ती डोक्याकडे वळलीत, कुरळी होऊन. वादळात सापडलेल्या छत्रीसारखी दिसते. मुंगसानं ओढली असणार, किंवा धक्का. धडधाकट करून देईन म्हटलंय, त्यात पिसं आलीच. काल दुपारपासून मऊ ब्रश आणि थोडं खोबरेल घेऊन ती बसवतेय. बसतात, आणि ब्रश उचलला की उठतात.

मंजुळाबाई भिंतीवरून बघत होत्या. "मॅडम, काय करायल्या?"

"पिसं बसवतेय."

"ती बसत नसतात."

"बसतील. मनावर घेतलं की सगळं बसतं. मी टेलिफोन ऑपरेटर बसवल्यात."

त्यांनी पदर तोंडाला लावला, डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं. खांदे हलत होते. घाईनं आत गेल्या. जनावरावर इतका जीव असेल असं वाटलं नव्हतं. मी जरा कठोर बोलले का परवा?

८ जून, रविवार

नेहमीप्रमाणे चिकन मागवलं. बाथरूमचं दार लावून घेतलं, मग जेवले. दार लावायचं कारण, वासानं पेशंट अस्वस्थ झाला तर टाके ताणतील.

१२ जून

टाके बघायला गेलो. "जखम छान भरतेय," डॉक्टर म्हणाली. मी विचारलं, "आणि पिसांचं काय? खोबरेल लावतेय, फरक नाही."

तिनं कोंबडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मॅडम, ही उलट्या पिसांचीच कोंबडी आहे. जात असते अशी. जन्मापासून."

घरी आले. भिंतीपाशी जाऊन मंजुळाबाईंना हाक मारली. "तुम्हाला माहीत होतं?"

"नाव कुरळी हाय तिचं, मॅडम. उगं ठिवलं का?"

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. म्हन्लं, बसत नसतात." आणि पुन्हा तोच पदर, तेच खांदे. आता मला तो शोक वाटत नाही.

१५ जून, रविवार

चिकन मागवलं नाही. त्या हॉटेलचा मसाला बिघडलाय. अंडाकरी केली. अर्ध्यावरच सोडली. दोन अंडी समोर बघून कसंतरीच झालं, उन्हानं असेल.

फवाऱ्याला कुरळी आता थोडंसंच अंग झाडते. नाव तिचं आहे म्हणून लिहिलं, बाकी काही नाही.

गल्लीत बोलणं चालू आहे: नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही आणि मॅडम कोंबडीला आंघोळ घालतात. एक बाटली पाणी लागतं. ह्यांच्या गाड्या धुतल्या जातात त्याचं काय?

१८ जून

आज केरबा आले. मंजुळाबाईंचे यजमान. पांढरा फेटा, मोजकं बोलणं. व्हरांड्यात बसले, म्हणाले, "बाई, बगू कोंबडी." बैल विकत घ्यायला आल्यासारखी त्यांनी ती तपासली. पंख ताणला, पाय बघितले, नखं मोजली, पिसं फुंकून कातडी बघितली. मला अभिमान वाटत होता, हे कबूल करते. जखमेवर नवी कातडी आलीय, गुलाबी. मी चहा टाकला.

"झ्याक केली तुमी. आखाडापातुर चालंल."

"चालेल म्हणजे?"

"आईला."

"कोणाच्या आईला?"

मग कळलं. सत्यम वाळूजला कंत्राटावर होता, वर्षानुवर्षं. केरबांनी गावाकडच्या मरीआईला नवस बोलला: पोरगं परमनंट झालं तर उलट्या पिसाची कोंबडी देईन. पाडव्याला सत्यम परमनंट झाला. आखाड लागला की मंगळवारी कोंबडी द्यायची. अंगात खोड असलेली आईला चालत नाही, म्हणून मुंगसानं फाडल्यावर घरात हाहाकार झाला होता. उलट्या पिसाची दुसरी पंचक्रोशीत नाही.

"अन तुमी बोलला, होती तशी करून देते. मंग म्या निवांत झालो. बाई शब्दाची हाय, म्हन्लं. तवर ऱ्हाऊ द्या तुमच्यातच, दाराआड मुंगसाचं भ्या नाय."

चहा उतू गेला.

मी म्हणजे गेले काही दिवस काय करतेय? मरीआईचा स्वयंपाक करतेय. फक्त फार सावकाश.

१९ जून

रात्री नीट झोप नाही. आज सकाळीच केरबांना गाठलं. म्हटलं, दोन कोंबड्या मी आणून देते, चांगल्या, भरलेल्या. "कुठल्या?" म्हणाले. म्हटलं, "दुकानातल्या."

"फार्मच्या?" त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी देवीला पावडरचं दूध पाजायला सांगितलं. "बोललेली ती बोललेली, बाई. सत्यमची नोकरी तिनं दिलीया. उद्या तिनं काढून घेतली मंजी?"

सत्यम शेजारी बूट घालत होता, कंपनीच्या बसची वेळ झालेली. मान खाली घालून म्हणाला, "काकू, माझा पण विश्वास नाही तसा. पण आता बजाजनगरला फ्लॅट बघितलाय. उगीच कशाला रिस्क?"

मी विचारलं, देवीला कोंबडी पसंत आहे हे कळतं कसं? तर त्याची पद्धत आहे. कोंबडी देवीपुढे उभी करायची, डोक्यावर अन पाठीवर तांब्यातलं पाणी शिंपडायचं. तीनदा. कोंबडीनं अंग झाडलं की आईनं कबूल केली.

मला हसू आलं. गार पाणी टाकल्यावर कोण अंग झाडणार नाही? वसतिगृहात सिस्टर युलालिया पहाटे आमच्या तोंडावर पाणी मारायच्या, तेव्हा आम्ही सगळ्या मुली देवीला कबूल होतो म्हणायचं. हा काय कौल झाला? साधं शरीरशास्त्र आहे.

"आणि नाही झाडलं तर?"

"आजवर झालं नाय," केरबा म्हणाले. "झालंच, तर आईनं सोडली. तिला मंग सुरी लावायची नाय. नवसाच्या घरात ठिवायची बी नाय."

मंजुळाबाई जात्याशी डाळ पाखडत होत्या. त्यांचं सूप थांबलं, मग पुन्हा सुरू झालं.

२० जून

मंजुळाबाई भिंतीशी. आज पदर जागेवर. बराच वेळ कुरळीकडे बघत राहिल्या. ती माझ्या कुंड्या उकरत होती.

"नवस ह्यांनी बोलला, मॅडम. कोंबडी माजी. अंड्यातनं म्या काढली, पावसाळ्यात कमरंला बांधून वाढवली. मला इच्यारलं का कुणी?"

"मग तुम्ही सांगा ना त्यांना!"

"देवाला दिलेला शब्द. बायकूनं मोडला म्हनतेल. तुमी तरी तुमचा मोडताल का?"

मोडणार नाही, हीच तर अडचण आहे.

त्यांनी विचारलं, "पानी मारता का अजून?"

"डॉक्टरनं बंद करायला सांगितलंय. जखम भरली."

"बंद नका करू. सकाळ-संध्याकाळ मारा. पाठीवर मारा, डोस्क्यावर मारा."

"डोक्याला काय झालंय? जखम पाठीवर होती."

"पाठीची जखम डोस्क्यातनं भरती."

असलं वैद्यक मी जन्मात ऐकलं नव्हतं. पण बाईंनी कोंबड्या पाळल्यात आणि मी नाही. शिवाय त्या बोलताना चेष्टा करत नव्हत्या. म्हणाल्या, "आन बाटलीनं नगं. तांब्यानं. हातानं शिपडा. गार पान्यानं."

करीन म्हटलं. सांगायला हरकत नाही, कुणीतरी काहीतरी करायला सांगितलं की बरं वाटतं.

२४ जून

मुलाचा, ऋतुराजचा, पुण्याहून फोन. जुलैच्या पहिल्या आठवड्यात गाडी घेऊन येतो, चार महिने आमच्याकडेच राहा, घराचं नंतर बघू म्हणाला. 'नंतर बघू' म्हणजे विकायचं. मी म्हटलं, सध्या जमणार नाही, पेशंट आहे. "कोण आजारी आहे?" "तू ओळखत नाहीस." खोटं नव्हतं ते.

मागे कुरळी ओरडली. "आई, कोंबडी आहे का घरात?" लाइन खराब आहे म्हटलं आणि ठेवला. ठेवायची कला मला चांगली येते.

१ जुलै

तांब्याचा कार्यक्रम चालू. सुरुवातीला गार पाण्यानं दोन दिवस झाडलं तिनं, आता नाही. सकाळी बाथरूमच्या दारात येऊन उभी राहते. डोक्यावर पाणी पडलं की मान ताणते, डोळे मिटते, प्रार्थनेला उभ्या असलेल्या सिस्टरसारखी. पाठ झाली की स्वतः वळते, दुसरी बाजू करा म्हणून. इतकी शिस्त मी माझ्या ऑपरेटर मुलींमध्ये बघितली नाही.

मंजुळाबाई रोज बघायला येतात. आज म्हणाल्या, "झाडती का?"

"छे. ढिम्म."

"ब्येस!" म्हणाल्या आणि मला पहिल्यांदाच गवारीच्या शेंगा दिल्या. जखमेची इतकी काळजी.

६ जुलै, रविवार

एकादशी. चिकनचा प्रश्नच नाही. सुटले, असं लिहिणार होते, पण कशातून?

८ जुलै

आखाड अर्धा होत आला. केरबांनी बावीस तारखेचा मंगळवार धरलाय. विचार करकरून डोकं दुखतं. मुंबईच्या एखाद्या प्राणिमित्र संस्थेला फोन लावावा का? मग आठवतं की मी स्वतः दर रविवारी चिकन मागवत होते, आणि त्या कोंबड्यांसाठी मी कुणालाच फोन लावला नव्हता. त्यांची पिसं सरळ होती एवढाच त्यांचा दोष. हा विचार जेवणाआधी सुचला हे वाईट झालं.

११ जुलै

आज एक काम केलं ते लिहायला लाज वाटते.

अंगात खोड असलेली देवीला चालत नाही. म्हणून कुरळीच्या चांगल्या पायाला बँडेज बांधलं. दोन काड्या लावून, व्यवस्थित. केरबा रस्त्यानं जाताना हाक मारून म्हटलं, "जरा बघता का, पाय लचकलाय. कायमचा दिसतो."

ते आत येईपर्यंत कुंडीतून एक नाकतोडा उडाला. कुरळी त्याच्यामागे अंगण ओलांडून, फरश्यांवरून, शेवग्याला वळसा घालून अशी सुटली की बँडेज वाटेतच सुटलं आणि काड्या तिच्यामागे खटखट करत पडल्या.

केरबांनी फेटा सारखा केला. "लंगडी लई जोरात पळती, बाई."

जाताना एवढंच म्हणाले, "शब्द तुमी दिला होता." रागानं नाही म्हणाले. रागानं म्हटलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं.

सिस्टर युलालियांनी मला पट्टी मारली असती. आणि बरोबर.

२१ जुलै

उद्या. शब्द दिला होता तसा पाळणार. धडधाकट परत. मी स्वतः जाणार आहे, सगळं रीतसर होतं की नाही बघायला. ऋतुराज पुढे ढकलत ढकलत आज येणार होता, त्याला सांगितलं, अंत्यविधी आहे. "कुणाचा?" म्हणाला. लाइन खराब होती.

संध्याकाळी कुरळीला भिजवलेली मुगाची डाळ दिली. तिनं सांडली निम्मी. मी रागावले नाही. तांब्यानं पाणी घातलं, शेवटचं. मंजुळाबाई भिंतीवरून म्हणाल्या, "नीट घाला. लई घाला."

"आता काय उपयोग, मंजुळाबाई? जखमेचं नामोनिशाण नाही."

"घाला मॅडम, म्या सांगते ना," म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा कापरा होता.

२२ जुलै, मंगळवार

घरी येऊन चहा घेतला, आता जसं झालं तसं लिहिते.

सत्यमनं भाड्याचा छोटा हत्ती टेम्पो आणला होता. मागे सगळे, पुढे मी, मांडीवर टोपली. दौलताबाद मागे टाकलं, पुढे डावीकडे कच्चा रस्ता. रस्ताभर कुरळी टोपलीच्या भोकातून किल्ल्याकडे बघत होती, पर्यटकासारखी. मला वाटलं, कुणी एक शब्द बोललं तर मी रडेन, म्हणून मी ड्रायव्हरला पाच मिनिटं त्याच्या हॉर्नवरून झापलं.

मरीआई निंबाखाली, शेंदूर लावलेले तीन दगड, वर पत्रा. भाऊबंद जमलेले, चूल पेटवलेली, मसाला वाटून तयार. केरबांनी कुरळी देवीपुढे उभी केली. मी टोपलीचं झाकण छातीशी धरून उभी.

केरबांनी तांब्यातून पाणी घेतलं, शिंपडलं. "आई, कबूल कर."

कुरळी उभी.

पुन्हा शिंपडलं, जास्त. तिनं मान ताणली आणि डोळे मिटले.

कुजबुज सुरू झाली. सत्यमचा चेहरा पांढरा. केरबांनी तिसऱ्यांदा आख्खा तांब्या तिच्या डोक्यावर ओतला. गार, विहिरीचं पाणी. एक पीस हललं नाही. पाणी ओघळून गेल्यावर तिनं सावकाश पंख जरासे उचलले, आणि शांतपणे वळून देवीकडे पाठ केली.

"पाठ फिरवली!" कुणीतरी म्हणालं. "आईनं कोंबडीकरवी पाठ फिरवली!"

मग मंजुळाबाई पुढे झाल्या, हात जोडून, अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात: "आई गं, तुजी मर्जी! तुला जीव नको, तर नको! मंग खण-नारळ घेती का?" आणि पिशवीतून हिरवा खण, बांगड्या, नारळ, हळदीकुंकू काढून ओटी भरली. नारळ पहिल्याच घावाला दोन सरळ वाट्या झाला. आई प्रसन्न. सत्यमनं श्वास सोडला. मंजुळाबाईंच्या पिशवीत सगळं घरून भरून आणलेलं होतं, हे मी बघितलं. याला म्हणतात दूरदृष्टी. मसाल्यात मग पाटवड्या सोडल्या.

केरबा ताटावर बसले, पाटवडीकडे बघत म्हणाले, "आखाडात बेसन." बाकी काही नाही.

परत निघताना प्रश्न आला, कोंबडीचं काय? सुरी लावायची नाही, नवसाच्या घरात ठेवायची नाही. सगळे इकडेतिकडे बघू लागले. मंजुळाबाई म्हणाल्या, "मॅडमच्यात नवस-बिवस काय नसतं. मॅडम, ठिवताल का? अडचन असंल तर ऱ्हाऊ द्या."

मी म्हटलं, काही दिवस बघू.

आता जे लिहिते ते मला कुणी वाचून दाखवू नये. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. अंगात येणं, कौल, उतारे यांना मी जन्मभर नावं ठेवली. गार पाण्यानं अंग झाडणं हे शरीरशास्त्र आहे हे मीच लिहिलंय, मागे, याच वहीत. पण तीनदा पाणी पडून एक जिवंत कोंबडी दगडासारखी उभी राहते, याला शरीरशास्त्राकडे उत्तर नाही. मी खूप विचार केला. नाहीच उत्तर. देवीला समज आहे, एवढंच म्हणता येतं. त्या निंबाखाली मी हात जोडले. दोन्ही.

२७ जुलै, रविवार

ऋतुराज येऊन गेला. पाहुण्यांचं बाथरूम रिकामं नसल्यामुळे त्याची जरा गैरसोय झाली. "आई, तू कोंबडीसाठी पुण्याला येत नाहीस?" म्हणाला. म्हटलं, ती देवीनं सोडलेली आहे, तिला असं कुणाच्या भरवशावर टाकून जाता येत नाही. तो बायकोला फोनवर काहीतरी हळू बोलत होता. बोलू दे. शेपूची भाजी केली होती, मुकाट्यानं खाल्ली.

सकाळी मुंगूस भिंतीवर उभं होतं. फरश्या काल हमालाकडून हलवून घेतल्या, तेव्हा आता राहतं कुठे कोण जाणे. चप्पल फेकली. चप्पल मंजुळाबाईंच्या अंगणात पडली.

ती परत द्यायला त्या भिंतीशी आल्या. कुरळी बाथरूमच्या दारात डोळे मिटून उभी होती, मी तांब्या भरत होते.

"मॅडम, आता पानी मारायचं बंद केलं तरी चालंल."

मी म्हटलं, "वा! इतके दिवस 'मारा, मारा', आणि आता चालेल? जखम तर जूनमध्येच भरली होती. तुमच्या वैद्यकाला काही ताळतंत्र आहे का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कुरळीकडे, मग हातातल्या चपलेकडे. आणि हसायला लागल्या. इतक्या, की चपलेसकट खाली बसल्या आणि भिंतीपलीकडून नुसता आवाज येत राहिला. "कामून हसताय?" मी दोनदा विचारलं. उत्तर नाही. चप्पल अजून तिकडेच आहे.

मी काही बंद करणार नाही. अशा गोष्टी देवीच्या असतात, उगीच मोडता घालू नये. आणि पाणी पडल्याशिवाय ती दारातून हलत नाही.